तलाव माळशिंगीला गेला

लोकार्पणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोरसईचा तलाव रुसून माळशिंगीला निघून गेला.

जाताना त्याने कुणाचं काही नेलं नाही. सरकारी योजनेतून काठावर बसवलेले पेव्हर ब्लॉक, दिवे, बाकडी आणि हंसाच्या आकाराच्या होड्या, सगळं जागच्या जागी होतं. फक्त तलाव नव्हता. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी त्याच्या रिकाम्या जागेला नेहमीसारख्या फेऱ्या मारल्या, गुडघे चोळले, आणि मग घरी जाता जाता नगरपरिषदेत वर्दी दिली.

देखरेख समितीची तातडीची बैठक बसली. शहराच्या पुनरुज्जीवनाचा सरकारी पैसा नीट खर्च होतोय की नाही हे बघायला ही समिती नेमली होती. अध्यक्ष होत्या नगरसेविका वैजयंता ढमाळ. पण खुर्चीत बसत त्यांचे यजमान संपतराव. बैठकीच्या सुरुवातीला ते दर वेळी सांगत, “मॅडमना आज जरा बरं नाही.” वैजयंताताईंची तब्येत तशी ठणठणीत होती. कोसभर चालून गेल्या तरी त्यांना धाप लागत नसे. पण निवडून आल्यापासून बैठकीच्या दिवशी त्यांना बरं नसे, आणि संध्याकाळी सह्या करण्यापुरतं बरं वाटे.

तलाव का रुसला, याचा उलगडा समितीला बसल्या बसल्या झाला. आपल्यावरून जग ओळखावं, म्हणतात. कार्यक्रमात शाल-श्रीफळ सगळ्यांना मिळालं होतं. आमदारांच्या ड्रायव्हरला मिळालं, मांडववाल्याला मिळालं, मांडववाल्याच्या पाहुण्यालाही मिळालं. तलावाचा सत्कार मात्र राहून गेला. पत्रिकेतसुद्धा त्याचं नाव ‘स्थळ’ म्हणून खाली बारीक अक्षरात छापलं होतं.

“मानपानाचं चुकलं,” संपतराव म्हणाले. “माझं नाव असं खाली टाकलं असतं, तर मी काय गप बसलो असतो?”

बसले नसते, यावर समितीचं एकमत झालं. तलावाला वाजतगाजत जाऊन शाल घालायची आणि घेऊन यायचं ठरलं. मुख्याधिकारी कुलथे यांनी तलावाच्या क्षेत्रफळाचा मुद्दा काढला. तेवढी शाल दुकानात मिळणार नाही, तेव्हा प्रतीकात्मक शाल काठावर ठेवावी, असं ठरलं.

घाई होती ती पाहणी पथकाची. पथक सोमवारी यायचं होतं. तलाव जागेवर असला आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर अध्यक्षांची सही असली, की ठेकेदार गुंजाळांचं बिल मंजूर होणार होतं. गुंजाळ मात्र खुशीत होते. ते सकाळीच रिकाम्या तळात उतरून फोटो काढून आले होते. “बघा तरी! आम्ही गाळ काढला म्हणजे कसा काढला. औषधालासुद्धा शिल्लक नाही.”

रुसलेल्या माणसाकडे आधी बायकामाणसाला पाठवावं, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे निवडून आल्यापासून पहिल्यांदाच समितीच्या कामासाठी वैजयंताताईंना बरं वाटू लागलं. संपतरावांनी दाखल्याचा कागद त्यांच्या पिशवीत घातला. “तू पुढं जा, रुसवा काढून ठेव. आम्ही दुपारी बँड घेऊन येतोच.”

माळशिंगीच्या शाळेमागच्या गायरानात तलाव पडून होता. कुणाच्या शेताला लागू नये म्हणून त्याने काठ आत दुमडून घेतले होते. सरपंच ताराबाई शेलार स्वतः त्याच्या उशाशी होत्या.

“पाव्हणा पहाटंच आला,” त्या म्हणाल्या. “हातपाय धुवायला पाणी द्यावं म्हणलं, तर ह्यो सोताच पाण्याचा. च्या विचारला, नगं म्हणाला. निस्ता पडून ऱ्हायलाय.”

तलाव वयाने फार मोठा, म्हणून वैजयंताताईंनी डोक्यावरून पदर घेतला. पण बोलायचं काय, ते त्यांना सुचेना. माणसाचा रुसवा त्यांनी घरात पुष्कळ काढला होता. त्यात पहिलं काम असतं चूक आपलीच होती म्हणायचं. तिथूनच त्यांनी सुरुवात केली.

“चुकलं आमचं. शाल-श्रीफळ घेऊन मंडळी निघालीच आहेत. एवढ्या बारी पोटात घाला.”

“पोटातच घालू नका म्हणतोय, सूनबाई,” तलाव म्हणाला. त्याचा आवाज खालून, जड येत होता. “पोट दुखतंय माजं. शाल घिऊन काय करू, अंग पुसू?”

“कशानं दुखतंय?”

“गाळानं. कवाधरनं साचलाय. यंदा मशिन आलं, तवा म्हणलं सुटलो. मशिन काठावर हुबं ऱ्हायलं, फोटू काढलं, आन गेलं. बरं, सरकारी काम हाय, हुईल सावकाश. तर काल माईकवर म्हणलं, तलावाच्या पोटातला समदा गाळ काढला, आता तलाव ठणठणीत हाय.”

“पण तिथं तर काहीच नाही. तळ लख्ख आहे.”

“मग? आपलं दुखणं मागं ठिवून कसं येईल मानूस? संगं घिऊन आलो. खोटं बोलले त्याचं न्हाई वाटलं. पर टाळ्या वाजल्या, सूनबाई. तिसऱ्या रांगंत बसून तू बी वाजवल्यास.”

वाजवल्या होत्या. पुढच्या बाई वाजवू लागल्या म्हणून त्यांनीही वाजवल्या होत्या, आणि त्या वेळी त्यांचं लक्ष व्यासपीठावर होतं. अध्यक्षांची शाल संपतरावांच्या खांद्यावर छान दिसत होती. वैजयंताताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्याला बरं नसताना ठणठणीत म्हटलं, आपण ठणठणीत असताना आपल्याला बरं नाही म्हटलं, आणि दोन्हींच्या कागदांवर सही मात्र आपलीच लागते. पिशवीतला दाखला त्यांनी काढून पाहिला. ‘संपूर्ण गाळ काढण्यात आला आहे व मी स्वतः खात्री केली आहे.’ खात्री कशी करतात, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चप्पल काढली, साडी वर खोचली आणि तलावात उतरल्या. दुसऱ्या पावलाला त्या गुडघ्यापर्यंत रुतल्या. ताराबाईंनी हात देऊन त्यांना बाहेर ओढलं.

दुपारी बँड आला. संपतरावांनी ‘आदरणीय तलावसाहेब’ अशी सुरुवात करून दणदणीत भाषण केलं, काठावर शाल अंथरली, नारळ ठेवला. शालीचं एक टोक भिजलं, तेव्हा गुंजाळ म्हणाले की सत्कार स्वीकारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“झालं. कर सही,” संपतरावांनी खिशातलं पेन काढून दिलं. “आणि पाय कशानं भरलेत तुझे?”

वैजयंताताईंनी पेन घेतलं नाही. त्या कुलथ्यांकडे वळल्या. “साहेब, समितीचे किती सदस्य आलेत?”

जेवणाची सोय असल्यामुळे सगळेच आले होते.

“म्हणजे गणपूर्ती आहे. बैठक सुरू करू.” ताराबाईंनी शाळेतली खुर्ची आणून ठेवली होती, तिच्यावर त्या बसल्या. मग म्हणाल्या, “संपतराव, तुम्ही सदस्य नाही. तुम्ही मागं बसा.”

बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. उभ्या संसारात वैजयंताताईंनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते फक्त उखाण्यात. संपतरावांनी कुलथ्यांकडे पाहिलं.

“नियमाप्रमाणे बरोबर आहे,” कुलथे म्हणाले. असा नियम आहे हे आपल्यालाही आताच आठवलं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

“विषय एक. तलावाचं म्हणणं.”

तलावाला म्हणणं मांडता येतं का, असा प्रश्न एका सदस्याने काढला. कुलथ्यांनी थोडा विचार करून सांगितलं की योजनेची झळ पोचलेल्या कुणालाही समितीपुढे बोलता येतं, तो द्रवरूप नसावा असं कुठे म्हटलेलं नाही. मग तलावाने बोलण्याऐवजी पाणी हलकेच दोन्ही बाजूंना सारलं. खाली गाळ होता. काळा, जाड, पार या काठापासून त्या काठापर्यंत.

“हा माळशिंगीचा गाळ असू शकतो,” गुंजाळ म्हणाले.

“आमच्या गायरानात थेंबभर पानी ठरत न्हाई, गाळ कुठला आनू?” ताराबाई कडाडल्या.

कुलथे पुढे वाकून बघत होते. गाळातून एका स्कूटरचं हँडल वर आलं होतं, आणि नंबरपाटीही दिसत होती. “ही आपली आहे,” ते हळूच म्हणाले. “नगरपरिषदेची. आपण चोरीला गेल्याचा ठराव केला होता.” एक ज्येष्ठ सदस्य एकदम आकाशाकडे बघू लागले.

मग दाखल्यावर सही होणार नाही आणि गुंजाळांनी गाळ खरोखर काढावा, असं अध्यक्षांनी सांगितलं. सदस्यांनी एकेक करून हात वर केले. घरी जायची घाई सगळ्यांनाच होती.

“काढतो की,” गुंजाळ म्हणाले. “पण माझ्या कामाचं ठिकाण बोरसई आहे. तलाव तिथं आणा, लगेच मशिन लावतो.”

“गाळ निगाल्याबिगर मी हितनं हलत न्हाई,” तलाव म्हणाला आणि त्याने पाणी अंगावर ओढून घेतलं.

पेच खरा होता. मशिन माळशिंगीला न्यायचं तर निविदेत दुरुस्ती हवी, दुरुस्तीला वरून मंजुरी हवी. पाहणी पथकाला तोवर माळशिंगीचाच पत्ता कळवावा, असं ठरलं. अध्यक्षांनी बैठक तहकूब केली.

उन्हं उतरली तशी मंडळी गाड्यांत बसली. संपतराव शेवटी उठले. त्यांचा राग एव्हाना निम्मा झाला होता, उरलेला निम्मा त्यांना कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. “चल घरी,” ते म्हणाले. “काय असेल ते घरी बोलू.”

“बैठक तहकूब आहे, संपली नाही. अध्यक्षांना जागा सोडता येत नाही.”

त्यांनी पुन्हा कुलथ्यांकडे पाहिलं. कुलथे गाडीच्या काचेआडून मान डोलवत होते. संपतरावांनी जाताना काठावरची शाल उचलली, झटकली, क्षणभर हातात धरली आणि वैजयंताताईंच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ते गेले.

ताराबाईंनी शाळेच्या ओसरीवर चूल पेटवली होती. परात पुढे ओढत त्या म्हणाल्या, “पाव्हण्याचं कळलं मला. बाई, तुमचा मुक्काम किती दिस?”

“गाळ निघेपर्यंत,” वैजयंताताई म्हणाल्या.

ताराबाईंनी मान हलवली आणि परातीत आणखी पीठ घेतलं.