गच्चीवरची घट

"डाळीची वाफ होते का रे, शिवमूर्ती?"

औशाच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या प्राध्यापक नरसिंगरावांनी हेच विचारलं आणि शिवमूर्तीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दुष्काळात गावात तेवढंच पाणी शिल्लक होतं.

शिवमूर्ती विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होता. उन्हात सांडगे किती वाळतात, हा त्याचा प्रकल्प. सुट्टीत घरच्या गच्चीवर मूगडाळीचे सांडगे घालायचे, संध्याकाळी वडलांच्या किराणा दुकानातल्या तागडीवर तोलायचे आणि आकडे सरांना धाडायचे. वाटलेल्या डाळीत निम्मं पाणी. म्हणजे कितीही वाळले तरी निम्मं वजन उरायलाच हवं. शिवमूर्तीचं उरत होतं चौथाई.

"पाणी गेलं ते गेलं, वर निम्मी डाळही गेली?" सर घरी पोचल्यावर कडाडले. "आकडे खोटे निघाले तर पदवी विसर!"

"बसवण्णाची आण, सर! डोळ्यादेखत तोललंय."

शिवमूर्तीचे वडील ईश्वरप्पा तर मटकन खालीच बसले. लातूर नवा जिल्हा झाला, आणि नव्या जिल्ह्याचा पहिला संशोधक आपल्या घरात, असं त्यांनी अख्ख्या बाजारात सांगून ठेवलं होतं. जिल्हा झाल्यानं पाट्या बदलल्या होत्या. नळ अजून कोरडेच होते.

"आरं, तू तर दिवसभर दुकानात बसून राहिलास," ते लेकाला म्हणाले. "गच्चीवर ध्यान कोनाचं होतं?"

"माजं की," शिवमूर्तीच्या आईनं, गौरम्मानं पदर सावरला. "आन् आळीतल्या बायांचं. आपलीच गच्ची उंच हाय. तिथून लातूरची सडक दिसती. टँकर बघाया येत्यात सगळ्या."

"सांडग्यांना हात लावला कुणी?" सरांनी विचारलं.

"शिव शिव! पोराच्या परीक्षेचं हाय म्हून ठावं हाय समद्यांला!" दारातून पंचफुला म्हणाली. ती शेजारीण. तिचं बोलणं अगदी मनापासूनचं होतं.

सरांचा कशावरच विश्वास बसेना. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःसमोर अर्धा किलो वाटलेली डाळ तोलून घेतली, परातीत सांडगे घालायला लावले, परात घेऊन गच्चीवर छत्री उघडून बसले आणि जिन्याला कडी घातली. आता काय ती शहानिशा होणार होती. शिवमूर्ती दुकानात गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून देत होता.

बायांची मात्र पंचाईत झाली. त्या खाली घागरी मांडून बसल्या.

"साहेब, टँकर दिसतोय का हो?" पंचफुलानं हाक दिली.

"नाही."

"नीट बघा की जरा! धूळ दिसती का?"

सर सडकेकडे बघू लागले. धूळ उठली, ती बैलगाडी निघाली. पुन्हा उठली, ती एसटी निघाली. दुपार कलली. वरून कडक, आतून ओला असा अर्धवट वाळलेला सांडगा आणि वाट बघणारा माणूस शेजारी शेजारी ठेवू नये, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. सर मूळचे बिलोलीचे. लहानपणी आईच्या वाळवणाची राखण त्यांच्याकडेच असे.

टँकर आलाच नाही.

संध्याकाळी सगळे वर आले. शिवमूर्तीनं परात रिकामी करून सांडगे तोलले. पुन्हा चौथाई!

"कुनी वर आलतं का, सर?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"नाही."

"कावळा, चिमनी?"

"छे." सर तागडीकडे बघतच राहिले. मग त्यांची नजर स्वतःच्या मांडीवर गेली. धोतरभर चुरा. हात मिशीवर गेला, तिथंही चुरा. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघून पंचफुलाला आपले हात आठवले आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मागे आळीतल्या सगळ्या बायांनी तेच केलं.

सरांनी शिवमूर्तीकडून पेन मागून घेतलं आणि त्याच्या आकड्यांखाली मुकाट्यानं सही केली.

एकट्या गौरम्माला अजून उमगलं नव्हतं. तिनं काळजीनं विचारलं, "मंग सर, खरंच डाळीची वाफ हुती?"

"होते, बाई," नरसिंगराव मिशी पुसत म्हणाले. "टँकर आला न्हाई की होते."