वांग्याच्या वाफ्यावरचं पाचट

टण्ण! ओसरीवर फुलपात्र घरंगळलं आणि नुकताच डोळा लागलेलं तान्हं पाळण्यात चुळबुळलं.

"चोरी!" चिंतामणराव दारात उभे होते. "अख्ख्या विश्रामबागेत माझ्यासारखा गुप्तहेर नाही, हे मी नम्रपणे सांगतो. मुंगी लंगडत गेली, तरी कुठल्या पायानं ते मी ओळखतो!"

"हळू हो," चारुशीलेनं पाळण्याची दोरी ओढली. "गेलं काय?"

"तुझं पाचट!"

लढाई संपली तरी रेशन संपलं नव्हतं, म्हणून चारुशीलेनं परसात वांगी लावली होती. चैत्रात विहीर तळाला गेली. ओल टिकावी म्हणून तिनं आधी भुसा पसरला, तो वाऱ्यानं शेजाऱ्यांना वाटला. मग कडेगावाहून उसाचं पाचट, म्हणजे वाळका पाला, आणवलं. वाफ्याला एक भारा असा अंदाज धरून वीतभर जाड अंथरलं. आता एका वाफ्यावर ते चार बोटं उरलं होतं.

रावांनी प्रथम शेजारची गाय धरली. गाय दावणीला होती. "तसा बनाव आहे," राव म्हणाले. मग वाऱ्यावर संशय घेतला, पण वाऱ्याचा हेतू सापडेना. शेवटी नजर कामवाल्या धोंडुबाईवर गेली. तिच्या घरी शेळ्या होत्या.

"माझ्या शेळ्या काय येड्या हायत व्हय, पाचट खायला?" धोंडुबाईनं तांब्या आदळला. "वैनी, मी उद्यापास्नं यायची न्हाई!"

चारुशीला पाळणा सोडून उठली. बाळंतपणात रात्र रात्र उशाशी बसलेली ही बाई चोरीचा आळ घेऊन जाणार?

"मी रोज दुपारी पहारा देतो," राव तावातावानं म्हणाले, "तरी थर रोज कमीच! चोर भलता धीट आहे."

"बाबा त्याच वाफ्यावर निजतात की," छोटी लेक उमा म्हणाली. "मऊ लागतं म्हणतात."

सगळी परसात गेली. रोपांच्या दोन ओळींमध्ये माणसाएवढा खळगा होता. चारुशीलेनं बोटांनी दडपलेलं पाचट मोकळं केलं, तसं ते फुगून पुन्हा वीतभर झालं.

रावांनी घसा खाकरला. "गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतो, हा माझा सिद्धांत खरा ठरला."

"आधी धोंडुबाईंशी बोला," चारुशीला म्हणाली.

"चुकलो, धोंडुबाई."

"ऱ्हाऊ द्या, दादा. पर आज रोपांचं पानी तुमीच शेंदायचं."

राव पोहरा घेऊन विहिरीकडे निघाले. उमानं आईचा पदर ओढला.

"आई, आता बाबा स्वतःला पकडून कुठं नेणार?"