रायफलीची आंघोळ

"पहिल्या गोळीला नारळ पाडला नाही, तर पळंगप्पा नाव लावणार नाही!"

सुभेदार पळंगप्पांनी ही गर्जना आपल्या कॉफीच्या मळ्याच्या फाटकात उभं राहून केली, आणि तीही मुद्दाम ओढ्यापलीकडच्या माचय्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. माचय्या म्हणजे पलीकडच्या घराण्याचे कर्ते. कैलपोळ्दच्या सणाला शस्त्रांची पूजा झाली की गावच्या पटांगणात उंच झाडाच्या शेंड्याला नारळ बांधायचा आणि एकेका घराण्यानं तो टिपायला उभं राहायचं, ही कोडगूची, म्हणजे कुर्गची, रीत. गेली अकरा वर्षं तो नारळ पळंगप्पांच्या घराण्यानं पाडला होता, आणि अकराही वर्षं माचय्या नुसते रांगेत उभे राहून घरी गेले होते. असं अकरा वर्षं झालं की माणसाची जीभ फार धारदार होते.

"बोल, बोल!" माचय्या पलीकडून ओरडले. "बोलायला काडतूस लागत नाही!"

आता खरी गोष्ट सांगायची, तर ते अकरा नारळ सुभेदारांनी पाडलेच नव्हते. ते पाडले होते त्यांच्या थोरल्या भावानं, उत्तय्याअण्णांनी, वडिलांच्या शिकारीच्या रायफलीनं. त्या वेळी सुभेदार पलटणीबरोबर कुठेतरी हिमालयात होते. या वर्षी ते पेन्शन घेऊन घरी आले आणि नेमका अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सणाच्या आठ दिवस आधी जेवताना अण्णा म्हणाले, "पळंगा, या खेपेला तू उभा राहा. नारळ पडला तर रायफल तुझ्या हवाली. नाही पडला तर चुलत्याच्या देवय्याकडे जाईल. तो बारा महिने गावात असतो. तू अजून पाहुणाच आहेस."

पाहुणा! स्वतःच्या घरात! चोवीस वर्षं मनीऑर्डरी पाठवून हे ऐकायचं! सुभेदारांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्याच घटकेला त्यांनी मनाशी ठरवलं, की ही रायफल देवय्याच्या घरी जाऊ द्यायची नाही.

तशी त्यांना काळजी नव्हती. पलटणीत रायफलीसाठी मिळालेला चांदीचा कप बैठकीतल्या कपाटात होता. आल्यागेल्याला ते तो दाखवत. कप नेमका कशासाठी मिळाला ते कुणी विचारत नसे आणि सुभेदार आपण होऊन सांगत नसत. सुभेदार होते शस्त्रागारावर. हजार रायफली त्यांच्या हाताखाली असायच्या आणि त्या आरशासारख्या लखलखीत ठेवल्याबद्दल तो कप होता. साहेबानं नळीत डोकावून आपली दाढी नीट झाली की नाही ते पाहावं, अशी ती सफाई! गोळी झाडायची वेळ मात्र सुभेदारांवर वर्षातून एकदाच यायची.

सणाच्या आदल्या दिवशी अण्णा सोमवारपेठेला लेकीकडे गेले. जाताना म्हणाले, "रायफल जरा पुसून, फुलं वाहून देवघरात ठेव."

सुभेदारांनी नळीला डोळा लावला आणि ते दचकून मागे सरकले.

"चोंदम्मा! अगं, इकडे ये! हे बघ काय! ही नळी आहे का धुराडं?"

सुभेदारांच्या बायकोनं, चोंदम्मानं, वाकून बघितलं. "काळं दिसतंय."

"काळं दिसतंय काय! चाळीस वर्षांचा मळ आहे! पलटणीत असती तर शिपायाला सात दिवस कोठडी! अण्णांनी या नळीतून नारळ पाडले कसे?"

"पाडले खरे," चोंदम्मा म्हणाली. "अकरा."

पण सुभेदारांच्या अंगात शस्त्रागार संचारलं होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या. आधी कढत पाणी ओतलं. मग ट्रंकेतून अमोनियाची बाटली निघाली, तिच्या वासानं मांजर घर सोडून गेलं. मग नळी पुसायच्या गजाला तारेचा ब्रश लावून घासाघीस सुरू झाली. पहिली चिंधी बाहेर आली ती कोळशासारखी काळी. दहावी तपकिरी. विसाव्या चिंधीवर हिरवट-निळा रंग चढला, म्हणजे गोळ्यांचं तांबंसुद्धा सुटायला लागलं! सुभेदारांना चेव आला. चोंदम्माचं एक जुनं लुगडं संपलं, दुसरं निम्मं संपलं, आणि संध्याकाळी पंचेचाळिसावी चिंधी बाहेर आली ती पांढरीशुभ्र! वरून त्यांनी तेलाचा हलका हात फिरवला, तांबडी-पिवळी फुलं वाहिली आणि रायफल देवघरात दिव्यापुढे ठेवली.

दिवेलागणीला अण्णा परत आले. त्यांना नाकानंच कळलं.

"कसला वास हा?"

"आंघोळ घातली तिला!" सुभेदार छाती फुगवून म्हणाले. "नळी अशी झालीय अण्णा, की आरपार सूर्य दिसतो!"

अण्णा मटकन खाली बसले.

"किती घासलीस?"

"पार! मळाचा कण ठेवला नाही!"

"अरे गाढवा!" अण्णांचा आवाज चढला. "तो मळ नव्हता, तो तिचा नेम होता! मी वर्षानुवर्षं तिच्यातून नुसती कोरडी चिंधी फिरवतो, ते काय आळशी म्हणून? नळी अशी नागवी केलीस की पहिल्या चार-पाच गोळ्या मनाला येईल तिकडे जातात. बार होऊन होऊन आत जरा थर बसला, की मग ती ताळ्यावर येते!"

"मग आत्ता चार बार काढतो की! परसात जाऊन..."

"फुलं वाहिलीस ना?"

सुभेदारांनी जीभ चावली. फुलं वाहून देवघरात ठेवलेल्या शस्त्राचा पूजेआधी बार काढायचा नाही, हे कोडगूतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि पूजेनंतर पहिला बार पटांगणातच. घराण्याला गोळ्या मिळणार तीन!

"आणि तीन गोळ्यांत ताळ्यावर नाही आली तर?" सुभेदारांनी बारीक आवाजात विचारलं.

"तर देवय्याला निरोप धाडायचा," अण्णा म्हणाले आणि न जेवता आत गेले.

सुभेदारांना घाम फुटला. पण पलटणीतला माणूस, हार मानतो होय? काढलेला मळ परत घातला की झालं! ते धावत परसात गेले.

"चोंदम्मा, त्या चिंध्या कुठायत? त्या काळ्या!"

"त्या होय? धुतल्या." चोंदम्मानं दोरीकडे बोट दाखवलं. पंचेचाळीस चिंध्या ओळीनं वाळत होत्या, एकीपेक्षा एक स्वच्छ. "चांगलं लुगडं फाडलंत, म्हटलं निदान पुसायला तरी होतील."

"अगं, धुतल्यास कशाला!"

"तुम्ही धुता तेव्हा शिस्त, आणि मी धुतलं की कशाला?"

सुभेदार स्वयंपाकघरात शिरले. चुलीवर आढ्याला डुकराचं मांस धुरी घ्यायला टांगलेलं होतं आणि आढ्याला बोटभर काजळी होती. त्यांनी ती खरवडून वाटीत घेतली, चिकटावी म्हणून तीत चमचाभर चरबी कालवली, वाटी धोतराच्या घोळात लपवली आणि पावलं न वाजवता देवघर गाठलं. गज नळीत घालणार, तोच मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

अण्णा!

"प्रार्थना," सुभेदार म्हणाले.

"हातात काय आहे?"

"नैवेद्य."

अण्णांनी वाटी हुंगली. नंतर त्यांनी जे चार शब्द वापरले ते देवघरात बोलण्यासारखे नव्हते. "नळीत चरबी कोंबून बार काढलास तर नारळाआधी तुझं थोबाड फुटेल! ठेव ते खाली!" सुभेदारांनी वाटी ठेवली. रायफल होती तशीच राहिली, नव्या नवरीसारखी नटलेली आणि अगदी निरुपयोगी.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. कडंबुट्टूबरोबर, म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबर, डुकराचं झणझणीत मटण झालं, पण सुभेदारांना ते गोड लागलं नाही. कुप्या म्हणजे गुडघ्यापर्यंतचा काळा अंगरखा घालून, कमरेला लाल रेशमी पट्टा बांधून ते पटांगणात उभे राहिले तेव्हा अख्खा गाव जमला होता. पहिला मान गतवर्षीच्या विजेत्यांचा. नियम माचय्यांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवला. "गोळ्या तीन! नारळ गोळीनंच फुटला पाहिजे, आणि फुटल्याची साक्ष परक्या घराण्याच्या माणसानं दिली पाहिजे!"

सुभेदारांनी नेम धरला. श्वास रोखला. चाप ओढला.

धडाड!

नारळ जागच्या जागी होता. गोळी डावीकडे चांगली चार हात गेली, म्हणजे शेजारच्या सावरीच्या झाडात. त्या सावरीला आग्या माश्यांचं पोळं होतं. ते तिथं सात वर्षं सुखानं लटकत होतं, कारण सात वर्षांत गावात कुणाचा नेम इतका चुकला नव्हता!

"नारळाला बांधलेली दोरी दिसते का सुभेदार, का तीही धुवायला दिली?" माचय्या ओरडले आणि गाव खो-खो हसला. चिंध्यांची बातमी ओढा ओलांडून गेली होती तर! सुभेदारांचे कान तापले. त्यांनी घाईघाईनं दुसरी गोळी झाडली. नारळाच्या वीतभर बाजूचं एक पान गळून गिरक्या घेत खाली आलं.

"आली, आली ताळ्यावर!" शेजारच्यानं पान पडल्याचं सांगताच अण्णा ओरडले. "पळंगा, आता शांतपणे..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. सावरीतून एक काळा ढग निघाला होता.

"माश्या! पळा!"

मग जी पळापळ झाली! जिलब्या तळणारा कढई सोडून पळाला. ढोलवाला ढोलात डोकं घालून पळाला. गुडघेदुखीनं जिना न चढणारे अण्णा सगळ्यांच्या पुढे जाऊन तळ्यात पडले, त्यांच्यामागोमाग सगळा गाव धपाधप पाण्यात. पटांगणात दिसत होते एकटे सुभेदार.

"अहो, या की इकडे!" चोंदम्मा गळाभर पाण्यातून ओरडली. "जाऊ दे तो नारळ! जाऊ दे ती रायफल!"

"जाऊ दे कशी!" सुभेदार ओरडले, आणि त्यांचा आवाज एकदम रडवेला झाला. "माझ्या बापाची रायफल आहे ती!"

एक माशी कानाला डसली. दोन मानेला. एक डाव्या पापणीला, आणि डावा डोळा आपोआप मिटला. नेम धरायला तेवढीच सोय! सुभेदारांनी उजव्या डोळ्यानं नारळ पाहिला. हात हलू दिला नाही. चोवीस वर्षांत त्यांनी हजारो रायफली हाताळल्या होत्या, पण एखादीला मनापासून "बाई गं, एवढी लाज राख" असं पहिल्यांदाच म्हटलं.

धडाड!

आणि त्याच क्षणी उजव्या पापणीलाही माशी डसली. काय झालं ते सुभेदारांना दिसलं नाही. रायफल पोटाशी धरून ते आंधळ्यासारखे धावले आणि तळ्यात कोसळले.

थोड्या वेळानं माश्या पांगल्या. ओलाचिंब, सुजलेला गाव झाडाखाली गोळा झाला. शेंड्याला दोरी लोंबत होती. नारळ नव्हता. खाली करवंटीचे तुकडे होते.

"पाडला!" चोंदम्मा ओरडली.

"थांबा, थांबा!" माचय्या पुढे झाले. कपाळावर मोठं टेंगूळ, केस ओलेचिंब. "पाहिलं कुणी? सगळे तळ्यात होतो! दोरी सैल झाली असेल, वरून पडून फुटला असेल! साक्ष कुणाची?"

सगळे एकमेकांच्या सुजलेल्या तोंडांकडे बघू लागले. खरंच की! पाहिलं कुणीच नव्हतं. सुभेदारांनी मान खाली घातली. रायफल हातातून निसटतीय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ती घट्ट धरली.

अण्णा हळूच माचय्यांपाशी गेले. "माचय्या, तूही तळ्यात होतास?"

"होतो की! बघ ना, कसा भिजलोय!"

"मला तर दिसला नाहीस."

"तुला आमावस्या-पुनव तरी दिसते का?"

अण्णांनी एक बोट पुढे केलं, माचय्यांच्या ओल्या केसांतून फिरवलं आणि सरळ तोंडात घातलं. अण्णांनी सावकाश चव घेतली.

"तळ्याचं पाणी गोड कधीपासून झालं रे?"

"म्हणजे?" माचय्या चाचरले.

"साठ वर्षं ओळखतो तुला. तुझ्यातून गोड काही निघालेलं आजवर पाहिलं नाही." अण्णांनी माचय्यांच्या कानामागे अडकलेली खोबऱ्याची चकती काढली. "तू झाडाच्या बुंध्याला चिकटून बसला होतास. नारळ वर फुटला आणि पाणी तुझ्या टाळक्यावर सांडलं. जमिनीवर पडून फुटला असता, तर ते तुझ्या डोक्यावर उडी मारून चढलं असतं होय?" आणि ती चकती त्यांनी खाऊन टाकली.

माचय्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग टेंगूळ चोळत म्हणाले, "बरं बाबा, फुटला! गोळीनंच फुटला! करवंटी बसली ना इथं!"

बारावा नारळ! चोंदम्मानं भर गावात नवऱ्याचा हात धरला. सुभेदारांची छाती पुन्हा फुगली. सुजलेलं तोंड जमेल तितकं वर करून ते म्हणाले, "काय अण्णा, पाडला की नाही मी?"

अण्णांनी रायफल हातात घेतली. नळीला डोळा लावून आतली नवी काजळी डोळे किलकिले करून बघितली आणि ते समाधानानं हसले.

"पहिल्या दोन गोळ्या तू मारल्यास, पळंगा. तिसरी हिनं मारली." त्यांनी रायफल परत सुभेदारांच्या हातात दिली, अगदी दोन्ही हातांनी. "घे. तुझ्या हवाली. गज मात्र माझ्या खोलीत राहील."

सुभेदार यावर काही बोलले नाहीत. ओठ सुजले होते म्हणून, असं ते अजून सांगतात.