हिराजीशेठचा घसारा

आपल्या गाडीची किंमत पडली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो. हिराजीशेठ. मी मोटार विम्याच्या हापिसात बावीस वर्षं काढली आहेत. गाडी जुनी होते तशी तिची किंमत घटते, त्या घटीला आम्ही घसारा म्हणतो, आणि तो काढणं हेच माझं काम. घसारा ऐकून लोक भांडतात, हापिसात येऊन रडतात, एकाने तर माझ्या अंगावर फाईल फेकली होती. पण पेढा? पेढा हातात धरून मी बावळटासारखा उभा होतो.

"पस्तीस लाखांनी उतरली म्हनता? देवानं आयकलं, साहेब. खा, खा. मलईचा हाय."

तर ही गाडी. इटलीची, पिवळी जर्द, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी बूड टाकायचं आणि मग पाय गोळा करून आत ओढायचे. हिराजीशेठचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं. मोबदला आला तेव्हा मोठ्या मुलाने हट्ट धरून ही घेतली. पुढे तो खारघरला टॉवरमध्ये राहायला गेला. तिथल्या पार्किंगच्या उतारावर गाडीचं पोट घासायला लागलं, म्हणून ती बापाच्या दारात पनवेलला येऊन पडली.

हिराजीशेठ ती चालवत नाहीत. नुसती पुसतात. "शेवटी इकायचीच हाय," असं म्हणत पुसतात. चार वर्षं मोबाइलवर 'विकणे आहे' अशी जाहिरात आहे, आणि चार वर्षं गाडी जागच्या जागी आहे.

बरं, गिऱ्हाईक येत नाही म्हणावं तर तसंही नाही. दर रविवारी येतं. पुण्याहून, नाशकाहून, ठाण्याहून. कोणाचा फोन आला की आतून त्यांची बायको, जनाकाकी, ओरडतात, "मच्छी खातं का इचारा आदी!" किंमत नंतर. मग गिऱ्हाईक आलं की पाणी, चहा, गाव कुठलं, पोरं किती, आईबाप हायत का, गुडघे दुखतात का. गाडीभोवती एक फेरी. मग जेवण. जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि मच्छी न खाणाऱ्यासाठी वाल. जेवणावर घासाघीस सुरू होते ती चार वाजेपर्यंत. हिराजीशेठ एकेक लाख असे सोडतात की आता झालाच सौदा असं वाटावं, आणि शेवटच्या पाच हजारांवर अडून बसतात. गिऱ्हाईक सुकटीची पिशवी घेऊन हसत परत जातं. नाशिकचं एक जोडपं तीनदा येऊन गेलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाला हे दोघे जाऊन आले. गाडी मात्र हलली नाही.

माझं डोकं चालेना. "अहो शेठ, दरवर्षी लाखांनी नुकसान होतंय तुमचं. विकून मोकळे व्हा!"

"पडू द्या ओ. भाव पडला का फोन वाढतात."

हे काय उत्तर झालं? मला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे.

गेल्या महिन्यात कळलं की कंपनीने ते मॉडेलच बंद केलंय, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव उलटे चढायला लागलेत. मी धावत खाली गेलो. म्हटलं, या खेपेला पेढे माझ्याकडून. हिराजीशेठ मटकन खुर्चीत बसले.

"वाढला? किती?"

"निदान वीस लाख!"

"मंग आता येल कोन, साहेब?"

त्या दिवशी त्यांनी जाहिरातीतली किंमत आपल्या हाताने पन्नास लाखांनी खाली आणली. मी घरी येऊन डोकं धरून बसलो. बायको म्हणाली, "गाडी त्यांची, पैसे त्यांचे, तुम्हाला का बीपी?" तिला काय सांगणार? माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीची अब्रू गेली होती.

पुढच्याच रविवारी पुण्याचे एक डॉक्टर येणार होते. "गाडीतलं कळनारा मानूस पायजे," म्हणून हिराजीशेठनी मलाही बोलावून घेतलं. डॉक्टर अकराला आले. पाणी नको म्हणाले, चहा नको म्हणाले. गाडी पाहिली, कागद पाहिले आणि म्हणाले, "तुमची किंमत मान्य. टोकन आत्ताच पाठवतो."

हिराजीशेठचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हंजे... कमीजास्त काय नाय?"

"नाही. किंमत योग्य आहे."

"जेवून बोलू ना."

"मला तीनपर्यंत परत पोचायचंय."

मग या माणसाने आपल्याच गाडीची निंदा सुरू केली. एसी घरघरतो. करून घेईन. स्पीडब्रेकरला पोट घासतं. चालेल. पेट्रोल पाण्यासारखं पिते. माहितेय. शेवटी घायकुतीला येऊन माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी तरी सांगा यांना, गाडीत खोट हाय!"

आणि मी, बावीस वर्षांचा प्रामाणिक गाढव, म्हणालो, "खोट कसली? एक नंबर गाडी आहे!"

हिराजीशेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचं काहीतरी चोरलं होतं.

तेवढ्यात हातात पळी घेऊन जनाकाकी बाहेर आल्या. "कशाला लबाडी करता? सरल सांगा ना." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, गावाला आमच्या ओटीवर दिवसभर मानसं असायची. गाव मोडला, कोन उलव्याला गेलं, कोन जासईला. हितं समदी दारं लावून बसतात. या गाडीपायी चार मानसं येतात, बसतात, जेवतात. ती तुमी नेलीत तं रविवारी आमी कोनाला वाढू?"

हिराजीशेठ फडक्याने गाडीचा आरसा पुसत होते, स्वच्छच होता तरी. मी पाच वर्षं या माणसाच्या डोक्यावर राहतोय, दोन मजले वर. जेव्हा भेटलो तेव्हा दारात उभ्या उभ्या अक्कल शिकवून आलो. एकदाही आत जाऊन बसलो नव्हतो. मला मनापासून लाज वाटली.

डॉक्टरांनी हातातला मोबाइल खिशात टाकला. दाराशी बूट काढले आणि आत जाऊन खुर्चीत ऐसपैस बसले.

"काकी, मासा कुठला केलाय?"

"जिताडा."

"वा." मग हिराजीशेठकडे बघून म्हणाले, "शेठ, नीट विचार केला तर किंमत मला जरा जास्तच वाटतेय. दहा लाख कमी करा."

"दहा लाख?" हिराजीशेठ केवढ्यांदा ओरडले! डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि आवाज सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा. "गाडी हाय का मेथीची जुडी? एक रुपया कमी नाय व्हनार! बसा तुमी, बसा! अगं, ताटं घे! साहेबांना बी घे!"