काडतुसांच्या कपाटाला कुंकू

काडतुसांचे कपाट गॅरेजमध्ये ठेवायचे आणि ते कशाचे आहे हे कोणालाही सांगायचे नाही, एवढाच निर्णय मी घेतला होता. निर्णय लहान होता, तर्कशुद्ध होता आणि (मी युट्रेख्टला विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत असल्यामुळे) लेखी होता.

मी नेमबाज आहे. पुण्याला कॉलेजात असताना एनसीसीत रायफल हाती आली, आणि नेदरलँड्समध्ये आल्मेरेला स्थायिक झाल्यावर इथल्या क्लबात ती पुन्हा हाती घेतली. यंदा घरी रायफल ठेवण्याचा परवाना मिळाला आणि मार्चमधल्या प्रांतीय स्पर्धेच्या संघात चौथी, म्हणजे शेवटची, जागाही मिळाली. परवान्याच्या अटी स्वच्छ होत्या. रायफल एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या. दोन्हींच्या किल्ल्या फक्त परवानाधारकाकडे. पोलीस न कळवता तपासणीला येणार. एक अट मोडली की परवाना गेला, परवाना गेला की संघ गेला. पाचव्या क्रमांकावरची मुलगी अत्यंत गुणी होती आणि मला दर शनिवारी तब्येत विचारत असे.

रायफल माडीवरच्या तिजोरीत गेली. काडतुसांसाठी मी करड्या रंगाचे पोलादी कपाट घेतले आणि, पोलिसांना ईमेलने विचारून, घराला लागून असलेल्या गॅरेजच्या भिंतीत चार बोल्टांनी पक्के केले. आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसते. तिथे चार सायकली, सहा सुटकेसी आणि एक लहानसे किराणा दुकान चालेल इतका तांदूळ असतो. या पसाऱ्यात एक कपाट कोणाच्या डोळ्यात भरणार?

ते सासूबाईंच्या भरले. त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर नाशिकहून आल्या होत्या, आणि तांदूळ काढायला म्हणून गॅरेजमध्ये गेलेल्या बाई तांदूळ न घेताच परत आल्या.

"जयंती, ते कपाट कसलं गं?"

"कागदपत्रं आहेत, आई."

"कागदांना बोल्ट मारतात इकडे?"

"इकडची पद्धत आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. इतके सौम्य 'बरं' मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकले नव्हते. मग त्यांनी आपल्या मुलाला गाठले. अंबरीशला मी फक्त 'मला माहीत नाही' एवढेच म्हणण्याची सूचना दिली होती. त्याने ती इतका घाम गाळत पाळली की कोणाही मराठी सासूने जो निष्कर्ष काढला असता तोच त्यांनी काढला. पोलादी कपाट, कुलूप, आणि लपवणारी सून. आत सोने होते.

आठवड्याभरात इथल्या मराठी मंडळात बातमी पोचली. गणपतीच्या वर्गणीचे हिशेब पाहणारे चंद्रहास मला सुपरमार्केटात भेटले आणि चीजच्या फडताळाआड नेऊन म्हणाले, "वहिनी, इन्शुरन्स केलाय ना?"

"कशाचा?"

"असू दे, असू दे. विचारणं माझं काम." 

सलोनी आमच्या मागच्याच गल्लीत राहते. तिने आडवळण घेतले नाही. "किती तोळे आहेत गं? नको सांगूस. फक्त शंभराच्या वर की खाली, एवढं सांग."

अंबरीश म्हणाला, "खरं सांगून टाक ना. काडतुसं म्हटलं की विषय संपतो."

"गुप्तता पाळणं हा सुरक्षिततेचा भाग आहे."

"जयंती, काडतुसं चोरायला या गावात कोणी येत नाही. सोनं चोरायला येतात."

युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले. त्याऐवजी किल्लीची व्यवस्था अधिक कडक केली. स्वयंपाकघरात मी बारा जागा निवडल्या आणि दर रविवारी किल्ली त्यांपैकी कुठे जाईल हे यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून ठरवू लागले. (अंबरीशने फासा टाकायचे सुचवले. फाशाला सहाच बाजू असतात हे मला त्याच्या नजरेस आणून द्यावे लागले. तो म्हणाला, दोन टाक. दोन फाशांच्या बेरजा समान शक्यतेच्या नसतात, हे समजावण्यात तो रविवार गेला.) मी समाधानी होते. ही व्यवस्था एखाद्या गणितज्ञ चोरालासुद्धा भेदता आली नसती.

धनत्रयोदशीच्या दिवशी मी युट्रेख्टहून लवकर निघाले. पाच वाजता घरी पोचून कोट काढते तोच बेल वाजली. दारात एक उंच गृहस्थ ओळखपत्र हातात धरून उभे होते. नाव होक्स्ट्रा, पोलीस, परवाना तपासणी. वेळ सोयीची आहे का?

"अत्यंत सोयीची," मी म्हणाले, आणि ते मला मनापासून वाटत होते. तयारी केलेल्या विद्यार्थ्याला परीक्षा हवीच असते.

माडीवर सर्व ठीक निघाले. त्यांनी तिजोरी पाहिली, रायफलचा क्रमांक ताडला, टिपण केले. मग मी त्यांना गॅरेजकडे नेले आणि दार उघडले.

गॅरेज फुलांनी भरले होते. कपाटाला झेंडूचा हार होता. कपाटावर निरांजन तेवत होते. समोर पाटावर तबक होते आणि त्यापुढे सासूबाई जरीची साडी आणि पायात अंबरीशचे लोकरी मोजे अशा वेशात हात जोडून उभ्या होत्या. कपाटाच्या दारावर, बरोबर मध्यभागी, त्यांनी ओल्या कुंकवाने वीतभर स्वस्तिक काढले होते.

नेदरलँड्समध्ये, पोलिसांसमोर, काडतुसांच्या कपाटावर, लाल स्वस्तिक.

माझ्या डोक्यात त्या क्षणी पंचेचाळीस मिनिटांचे व्याख्यान तयार झाले. मी सिंधू संस्कृतीपासून सुरुवात केली. चिन्हाची प्राचीनता, रेषांची दिशा, कोनांतील फरक आणि चार ठिपक्यांचे महत्त्व असे मुद्दे घेत मी मौर्यकाळापर्यंत आले तेव्हा होक्स्ट्रांनी हात वर केला.

"मॅडम, माझी बायको सुरिनामची हिंदुस्तानी आहे. आमच्या फ्रीजवर पण आहे ते. दिवाळीच्या शुभेच्छा."

"धन्यवाद," मी म्हणाले.

"पण तो दिवा तेवढा खाली घ्या. आत दारू भरलेली काडतुसं आहेत."

अंबरीशने धावत येऊन निरांजन उचलले. सासूबाईंना डच येत नसल्यामुळे एवढेच कळले की आपला मुलगा पेटता दिवा घेऊन गॅरेजबाहेर पळाला. त्या हे लक्षात ठेवणार आहेत असे दिसले.

"आता उघडा," होक्स्ट्रा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. त्या आठवड्याची जागा होती क्रमांक नऊ, वरईच्या तांदळाचा डबा. डब्यात वरई होती. मी आठ पाहिला, दहा पाहिला, मग पद्धत सोडून बाराही डबे ओट्यावर उपडे केले. रिकाम्या हाताने परतले तेव्हा माझ्या कोपरापर्यंत नाचणीचे पीठ होते.

"काय शोधतेस?" सासूबाईंनी विचारले.

"किल्ली."

"ही काय." त्यांनी तबकाकडे बोट केले. विड्याच्या पानावर, सुपारीशेजारी, हळदकुंकू वाहिलेली माझी किल्ली होती. "लक्ष्मीची किल्ली आजच्या दिवशी पूजेत नको?"

होक्स्ट्रांना मराठी येत नव्हते, पण बोट कुठे आहे हे कोणत्याही भाषेत दिसते. त्यांनी अंबरीशला विचारले, "यांना किल्ली कुठे असते हे माहीत असतं?"

अंबरीशने आईला विचारले. मला वाटले, एकदा तरी हा 'मला माहीत नाही' म्हणेल.

"पहिल्या आठवड्यापासून," सासूबाई म्हणाल्या. "दर रविवारी जागा बदलते ती. सोमवारी डबे पुसते मी, तेव्हा सापडते. उघडलं मात्र नाही हो कधी. सुनेचं कपाट आहे."

अंबरीशने हे सर्व, स्वल्पविरामांसकट, डचमध्ये भाषांतरित केले. होक्स्ट्रा बराच वेळ लिहीत होते. मग कुंकवाने माखलेल्या किल्लीने मीच कपाट उघडले. काडतुसांच्या पेट्या मोजल्यासारख्या रांगेत होत्या.

सासूबाई पुढे वाकल्या. "हे काय गं?"

"काडतुसं आहेत, आई. मी रायफल चालवते. स्पर्धेत."

"बरं. आणि सोनं?"

"सोनं नाहीच."

त्या पाटावर बसल्या. घरात दारूगोळा आहे याचे त्यांना काहीच वाटले नव्हते. "मंडळात काय सांगू आता मी? सलोनीला शंभराच्या वर सांगितलंय."

होक्स्ट्रांचा निर्णय दयाळू होता. परवाना राहील, पण आकड्यांचे कुलूप बसवून सहा आठवड्यांनी फेरतपासणी होईपर्यंत काडतुसे क्लबातच राहतील. जाताना त्यांनी सासूबाईंकडून चकल्या नेल्या.

कुलूप मी बसवले. आकडे सहा, वाढदिवसांशी संबंध नसलेले, फक्त माझ्या डोक्यात. परंतु रिकामे कपाट सासूबाईंना पाहवेना. सणासुदीला घरात लक्ष्मीचे कपाट रिकामे ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी हातातल्या दोन पाटल्या काढून माझ्यासमोर आत ठेवल्या आणि दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी सलोनी भारतात निघाली होती. तिने आपला दागिन्यांचा डबा आणून दिला, कारण पोलीस स्वतः येऊन तपासून गेलेले कपाट आल्मेरेत दुसरे नव्हते. मग चंद्रहासांच्या पत्नी आल्या. मग मी ओळखत नसलेल्या दोघी आल्या.

सहा आठवड्यांनी होक्स्ट्रा आले. मी आकडे फिरवले, दार उघडले. त्यांनी आत पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अहवालात लिहिले: साठवण उत्कृष्ट, काडतुसांना जागा नाही.

परवाना टिकला, संघातली चौथी जागाही टिकली. काडतुसे अजून क्लबात आहेत, आणि सरावाला मला ती पाचव्या क्रमांकाच्या मुलीकडून सही करून घ्यावी लागतात, कारण क्लबच्या साठ्याची किल्ली तिच्याकडे असते. आमच्या गॅरेजमध्ये आता खरोखरच शंभर तोळ्यांच्या वर सोने आहे. त्यातला एक ग्रॅमही माझा नाही.