धुरेकरी हजर?

कवडूजी कॉम्प्युटरसमोर बसायचा तो चपला उंबऱ्याबाहेर काढून, टोपी नीट करून. खुर्चीत टेकला की पहिलं काम हाक मारायचं. "धुरेकरी हजर?" खोलीत आम्ही दोघंच. मी त्याच्या बाजूला स्टुलावर, हातभर अंतरावर. तरी हाक अशी, की पल्याडच्या वावरात वखर हाणणारा थांबून पाहील. मी "हजर आहे गा बाप्पा" म्हटल्याशिवाय तो बटनाला बोट लावत नसे.

आमच्या वर्ध्याकडे हे सांगावं लागत नाही, पण वाचणारा लांबचा असला तर असू द्या. धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि ज्याचा धुरा आपल्या धुऱ्याला लागून तो धुरेकरी. कवडूजीनं तीस वर्षं मोजणीच्या ऑफिसात साखळी ओढली. शेत मोजायचं तर आजूबाजूच्या धुरेकऱ्यांना आधी नोटीस जाते, मोजणीच्या दिवशी त्यांना हाक मारतात, मगच साखळी पसरते. तो रिटायर झाला, साखळी सुटली, हाक काही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत बसताना डावीकडच्याला आणि उजवीकडच्याला विचारून मग मांडी घालायचा. पायानं मोजल्याशिवाय कोणतंच अंतर त्याला खरं वाटत नसे. सेलूहून नागपूर किती, असं कोणी विचारलं की म्हणे, "एसटीवाले सांगतात पन्नासच्या आतबाहेर. मी काही चाललो नाई. मले मालूम नाई."

मी चौथी शिकलो. दोरखंड, विळे, पावडी विकून दुकान उभं केलं, आणि कोणापुढं मान खाली घातली नाही. हे पहिले सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचं आहे ते सांगताना मान वर राहत नाही.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. माझा पोरगा नोकरीवर पुण्याला गेला आणि जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. त्यात एक खेळ होता. काळंभोर आभाळ, त्यात सूर्य, आणि एकेका सूर्याभोवती फिरणारे गोटे. इंग्रजी आम्हा दोघांनाही येत नव्हतं, पण बाण कोणत्या दिशेला हे समजायला इंग्रजी लागत नाही. खेळातल्या विमानाला आम्ही बंडी, म्हणजे बैलगाडी म्हणायचो आणि त्याच्या तेलाला कडबा. दोन गड्यांनी पाळीपाळीनं खेळायची सोय होती. एका पाळीला एक गोटा. न शोधलेला गोटा राखेच्या रंगाचा. मी शोधला की पिवळा, त्यानं शोधला की हिरवा. सारे गोटे रंगले की आभाळ संपलं, खेळ संपला.

भांडण कशावरून, तर गोटा शोधला म्हणजे काय केलं यावरून.

लांबूनच एक बटन दाबलं की बंडीतून उजेड पडायचा. आम्ही त्याला टॉर्च म्हणायचो. टॉर्च पडला की गोट्यावर पाणी किती, ऊन किती, सारं पाटीवर यायचं, गोटा रंगायचा आणि मार्क मिळायचे. माझी पाळी थुंकून येईपर्यंत व्हायची. कवडूजी मात्र टॉर्चला हात लावत नसे. तो बंडी खाली उतरवायचा, गोट्याच्या कडेकडेनं हाकायचा, आणि निघाला तिथं परत पोचल्यावरच म्हणायचा, "हां, आता झाला." त्याच्या एका पाळीत घरातून दोनदा चहा यायचा. उतरण्याचे मार्क वेगळे नव्हते. एकही नाही.

"मार्क तेवढेच भेटतात, त काऊन फिरून राह्यला गा?" मी म्हणायचो.

"मांगची बाजू कोनं पाह्यली?"

"टॉर्चनं पाह्यली न!"

"टॉर्च म्हणजे ऐकीव गोष्ट शामराव. साक्षीदार म्हणते मी पाह्यलं. मोजणीदार म्हणते मी चाललो."

"मांगं काय लाडू ठेवले हायेत?"

एकदा खरंच गोट्याच्या मागच्या अंगाला एक तळं निघालं. टॉर्चच्या पाटीवर ते नव्हतं. त्या दिवशी कवडूजीनं टोपी काढून डोकं पुसलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी आठ दिवस टॉर्च दुप्पट जोरानं दाबला. जोरानं दाबून उजेड वाढत नाही, हे मलाही कळत होतं.

दर पाळी झाली की तो कापडी बांधणीच्या वहीत काहीतरी लिहायचा. मला वाटे मार्क लिहितो. मी कधी डोकावलो नाही. दुसऱ्याच्या वहीत डोकावणं आपल्याला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर वाचायला मला वेळ लागतो, ते त्याला दाखवायचं नव्हतं.

आता जुनी गोष्ट. ब्याण्णव-त्र्याण्णवची असेल. माझ्या वांग्याच्या वावराची मोजणी होती आणि साखळी घेऊन हाच कवडूजी आला होता. पूर्वेच्या धुरेकऱ्याला नोटीस पोचली नव्हती, तो माणूस आलाच नाही. मी मोजणीच्या साहेबांना सांगितलं, मजूर लावून बसलो आहे, तो हजर होता असं लिहा आणि उरका. साहेब तयार झाले. लिहायचं काम कवडूजीच्या हाती होतं. त्यानं कागद माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "दाखवा मले, कुठं हाय तो? जो उभा नाई त्याले मी उभा कसा करू?" साखळी गुंडाळली आणि निघाला. साहेब पाहत राहिले. मजूर हसले. महिन्यानं मोजणी झाली आणि धुरा दोन हात माझ्याकडं सरकला. माझंच चुकीचं होतं. पण मजुरांचं हसणं मी दहा वर्षं कानात ठेवलं. त्याच्याशी दोस्ती झाली तरी काढलं नाही.

आभाळात वीस-बावीस गोटे उरले होते. एका दुपारी कवडूजी एका गोट्यावर इतका वेळ फिरला, की चहा तिसऱ्यांदा आला. दुकानात गिऱ्हाईक थांबून होतं. मी म्हणालो, "तुले घरी वाट पाहणारं कोनी नाई, म्हणून तू गोल गोल फिरते. मले कामं हायेत."

त्यानं फेरी पुरी केली, वहीत लिहिलं, चपला घातल्या. रोज जाताना म्हणायचा तसं "येतो गा" म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मनात म्हटलं, रुसला. रुसू दे, आपण काही बोलवायला जाणार नाही. सोमवारी दुपारी दुकान बंद ठेवून मी कॉम्प्युटरसमोर त्याच्या खुर्चीत बसलो. माझी पाळी आली की टॉर्च. त्याची पाळी आली की 'पुढं'चं बटन. टॉर्च, पुढं. टॉर्च, पुढं. चहा थंड व्हायच्या आत उरलेलं आभाळ सारं पिवळं झालं. कॉम्प्युटरनं तुतारी वाजवली. मी मागं वळून पाहिलं. स्टुलावर कोणी नव्हतं.

जिंकलो तर होतो. मग तुतारी बंद कशी करायची हे शोधत का बसलो, ते सांगता येत नाही.

भाजीबाजारात कळलं, कवडूजीला मलेरिया झाला होता. पुलगावला दिलेल्या पोरीनं तिकडं नेलं होतं, कालच परत आला. मी सहा मोसंबी घेतली आणि पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. तो रोज माझ्याकडं यायचा, म्हणून मला कधी जावंसं वाटलंच नव्हतं.

घर गावाबाहेर, नव्या लेआऊटमध्ये. लोकांनी प्लॉट घेऊन ठेवले, बांधलं कोणीच नाही. नंबराचे दगड आणि तरोट्याचं तण. मधोमध कवडूजीची एक खोली. पूर्वेला रिकामं, पश्चिमेला रिकामं, बाकीच्या दोन्ही अंगांनीही रिकामं. मी दारात उभा राहिलो आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं. तीस वर्षं साऱ्या तालुक्यात धुरेकऱ्यांना हाक मारत फिरलेल्या माणसाला स्वतःच्या घराला एक धुरेकरी नव्हता.

"ये गा शामराव," तो खाटेवरून म्हणाला. गाल आत गेले होते. "गोटे किती राह्यले?"

खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. पण सवय वाईट. मी छाती काढूनच म्हणालो, "सारे झाले."

"सारे?"

"सारे. टॉर्चनं."

"कोनत्या वारी?"

"सोमवारी."

त्यानं उशाखालून वही काढली.  एक ओळ लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग वही माझ्याकडं सरकवली. "पाहून घे. बराबर हाय का?"

मी अक्षर अक्षर लावत वाचलं. आधी वरच्या ओळी वाचल्या. पानं मागं उलटली, तिथंही तेच. मार्क कुठंच नव्हते. 'कवडूचा गोटा. धुरेकरी शामराव, हजर.' 'शामरावचा गोटा. धुरेकरी कवडू, हजर.' दोन वर्षांचे सारे दिवस, हजर, हजर, हजर. मग शेवटची, ओल्या शाईची ओळ. 'सोमवार. उरलेले सर्व गोटे शामरावचे. धुरेकरी कवडू, नोटीस मिळूनही गैरहजर.'

नोटीस मिळूनही माणूस आला नाही, तर मोजणी पक्की धरतात. नोटीस दिलीच नसेल, तर ती मोजणी रद्द.

"मी नोटीस कधी देल्ली गा?" मी विचारलं.

"देल्ली होती," तो मोसंबी हुंगत म्हणाला. "मीच नाई आलो."

"कवडू, खोड ते."

"नोंद खोडता येत नाई गा. तुले मालूम हाय."

मला मालूम होतं. साहेबासमोर, मजुरांसमोर, उभा नसलेला माणूस ज्यानं कागदावर उभा केला नव्हता, त्यानं कागदावर एकच खोटं लिहिलं, आणि ते माझी चोरी पक्की व्हावी म्हणून. माफ कर म्हणायला मी तोंड उघडलं. त्यातून "मोसंबी गोड हायेत" एवढंच निघालं.

घरी आलो आणि नवं आभाळ सुरू केलं. सारे गोटे राखेचे. पेचकस घालून टॉर्चचं बटन कीबोर्डच्या पट्टीतून उपटून काढलं आणि खिळ्यांच्या डब्यात टाकलं. मग दुकानाच्या कागदावर लिहायला बसलो. चार वेळा फाडलं. पाचव्यांदा असं जमलं: 'कवडूजी यांस नोटीस. मंगळवारी दुपारी चार वाजता मोजणी आहे. हजर राहावे. धुरेकरी शामराव.'

स्वतः नेऊन दिली. त्यानं दोनदा वाचली. माझ्या दोन चुका दिसल्या असतील, तरी खाली सही केली, 'नोटीस मिळाली', आणि कागद मला परत दिला.

तो कागद माझ्या गल्ल्यात आहे, आणि खरा आहे. पण ती वहीतली ओळ अजून तशीच आहे.