भिवजी कुंभाराने सरकारी फुलदाणी फोडली त्याची हकिकत

श्री धरित्रीमाता प्रसन्न. जिच्यापासोन घडलों आणि जिच्यांतच मिळणे आहे, तीस प्रथम वंदन करोन लिहिणार लिहितो कीं, शके सतराशें सोळा, आनंदनाम संवत्सरीं, राज्यांत टोपीकरांचा वकील आला, त्याणे बाजारांत मातीचा एक जुना रांजण पाहोन मान डोलाविली, आणि ते वर्तमान महाराजांचे कानीं गेले. मग महाराजांस एकाएकीं मातीचा कळवळा दाटोन आला आणि आज्ञा जाहली कीं, कुंभारकाम बुडत चालिले ते ऊर्जितावस्थेस आणावे, कुंभारांचा प्रतिपाळ करावा. काम कारभारी विसाजीपंत यांजकडे सोपविले, ज्यांणी जन्मांत चिखलास पाय लाविला नव्हता. मग पंतांनी कुंभारवाड्यास चुना काढविला, चाकांस हळदकुंकू वाहिले, आणि थोर कारागीर भिवजी कुंभार यास पागोटे बांधोन पुसिले कीं, तुमचे कोणते भांडे अधिक खपते? भिवजी भोळा, तो खरे बोलिला कीं, उन्हाळ्यांत माठ, संक्रांतीस सुगडीं, आणि मयताचे मडके बारमाही. पंतांनी कानांवर हात ठेविले. सरकारच्या आश्रयाखाली मयताचे मडके भाजणे म्हणजे महाराजांचे अशुभ चिंतणे, ऐसे ठरवोन त्यांणी राज्यांत त्या मडक्याची मनाई केली, आणि त्याऐवजी पोपट काढिलेल्या फुलदाण्याच कराव्या, ऐसे फर्माविले.

मग फुलदाण्या जाहल्या, आणि भिवजीची एक तर ऐसी उतरली कीं महाराजांनी ती दरबारांत मांडविली. लोक येत, वाहवा करीत, आणि रित्या हातीं घरीं जात. गावकरी म्हणों लागले कीं, अडीनडीस मडके मिळेना तर बलुते कशाचे द्यावे? मग बलुते बंद जाहले, कुंभारांच्या चुलींत मांजरे विऊं लागलीं, आणि पंतांनी दरबारीं कळविले कीं, कुंभार आतां सडपातळ आणि चपळ जाहले आहेत.

त्यांत भिवजीची आई सोनाई अंथरुणास खिळली. उभा जन्म माती मळलेली बाई. तिणे लेकास जवळ बोलाविले. "भिवा, समद्या गावाला आपण मडकी दिली. माज्याम्होरं तुज्या हातचं असू दे. दुसऱ्याचं नगं." इतके बोलिली आणि तिसरे प्रहरीं गेली. मग भिवजी पंतांचे दारीं गेला आणि एका मडक्याची परवानगी मागों लागला. पंत दयाळू. मनाई तर मोडतां येत नाही, पण तुझ्याच हातचे भांडे पाहिजे ना, ऐसे म्हणोन त्यांणी दरबारांतील तीच फुलदाणी काढोन दिली आणि राखणीस एक शिपाई दिला. मग तिरडी निघाली, सरण रचिले, आणि भिवजी खांद्यावर पाण्याने भरलेली फुलदाणी घेवोन फेरे घालों लागला. फेऱ्यागणिक भांड्यास दगडाने भोक पाडावे आणि शेवटीं ते मागे टाकोन फोडावे, ऐसी रीत. दगड उचलितांच शिपायाने हात धरिला कीं, सरकारी जिन्नस आहे, ओरखडा उमटतां कामा नये.

भिवजी म्हणाला, "मडकं फुटल्याबिगर आई सुटायची न्हाई, दादा." शिपायाचे डोळे भरले, पण मूठ सैल होईना. मग भिवजीने हिसडा दिला आणि फुलदाणी मागे टाकिली.

मग चौकशी जाहली. राज्याची कला फोडिली हा गुन्हा शाबीत होवोन भिवजीचा उजवा हात मनगटापासोन तोडिला. लिहिणाराने तो हात पाहिला; नखांत माती होती.

पुढे टोपीकरांचा वकील पुन्हा येणार ऐसे कळले, आणि पंत स्वतः कुंभारवाड्यांत जावोन भिवजीस बोलिले कीं, जाहले ते विसरावे आणि तैसीच दुसरी फुलदाणी करावी, महाराज संतुष्ट होतील. भिवजीने थोटे मनगट पुढे केले. पंतांनी ते पाहिले, आणि पुसिले कीं, तुझ्या घरीं दुसऱ्या कोणास येते काय?

एवंच, त्या राज्यांत कुंभारकामाची कीर्ती मोठी जाहली, आणि कुंभार परमुलखीं गेले. लिहिणारास संताप आला, तो जैसा आला तैसा लिहिला.